उंबरठ्याखालून निघालेली नदी



बायबलमधील संदेष्ट्यांच्या वाणीत झाडे आणि नद्या वारंवार का येतात, हा आजचा विषय. आपल्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खपून हे सारे ग्रंथ मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत आणले. तेव्हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

संदेष्टा म्हणजे पंचांग उघडून उद्याचे सांगणारा जोशी नव्हे. लोक चुकले की देवाच्या नावाने बजावणारा आणि ते खचले की धीर देणारा, तो संदेष्टा. त्याचा मुलूखही ध्यानात घ्यावा. यहूदाच्या रानातले ओढे पावसाचे काही दिवस धावतात. एरवी उरतात नुसते दगडगोटे. अशा ठिकाणी पाण्याकाठचे झाड हा काव्यातला अलंकार नसतो, जगण्याचा आधार असतो.

यहेज्केल हा याजक. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने जेरुसलेमहून जे लोक धरून नेले, त्यांत तो होता. दहा-अकरा वर्षांनी शहर पडले, मंदिर जळाले. बंदिवासाच्या २५ व्या वर्षी त्याला दृष्टांत झाला : मंदिर उभे आहे आणि त्याच्या उंबरठ्याखालून पाणी झिरपत आहे. १००० हातांवर ते घोट्याइतके होते, आणखी १००० हातांवर गुडघ्याइतके, मग कमरेइतके; आणि पुढे पोहल्यावाचून पार न होण्याजोगी नदी! वाटेत दुसरा ओढा मिळाल्याचा उल्लेख नाही.

ही नदी सुपीक शेताकडे वळत नाही. ती पूर्वेला, ओसाड रानातून मृत समुद्राकडे जाते. यार्देन नदी या समुद्राला मिळते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. पाणी उन्हाने उडते आणि क्षार मागे राहतो. नेहमीच्या समुद्राहून सुमारे दसपट खारट अशा त्या पाण्यात मासा जगत नाही. दृष्टांतात मात्र तेच पाणी गोडे होते, एन-गेदीपाशी कोळी जाळी पसरतात, दोन्ही काठांवरची झाडे दर महिन्याला फळतात आणि त्यांची पाने औषधाला येतात. दलदल आणि डबकी तेवढी खारीच राहतात. संदेष्टा खोटी आशा दाखवीत नाही.

त्याच पिढीतला यिर्मया देवावर भिस्त ठेवणाऱ्याला पाण्याकाठच्या झाडाची उपमा देतो. त्या झाडालाही ऊन लागते, अवर्षण भोगावे लागते. पण मुळे ओलाव्यापर्यंत पोहोचलेली, म्हणून पान हिरवे राहते. पुढे योहानाने प्रकटीकरणात हीच नदी पुन्हा दाखविली आणि एक शब्द वाढविला : झाडाची पाने ‘राष्ट्रांच्या’ आरोग्यासाठी. एका लोकसमूहाचे सांत्वन सर्वांचे झाले.

आज यार्देनचे पाणी वरच्या वर वळविल्यामुळे मृत समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जात आहे. तेव्हा दृष्टांताकडे तारीख-वार मागू नये. सर्वस्व गमावलेल्यांना त्याने एवढेच सांगितले, की नवजीवनाचा झरा लहान असतो आणि तो सर्वांत रुक्ष जागी आधी धावतो.

एक गोष्ट सांगून थांबते. मोजणाराने यहेज्केलाला काठावर उभे ठेवले नाही. घोटाभर, गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यातून त्याला चालविले. लोकांना धीर देणाराला आधी स्वतः पाण्यात उतरावे लागले.