देवकुंडला जायचं, पण कधी?

रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याहून देवकुंड धबधब्याची वाट जलाशयाच्या कडेने जाते आणि मग रानात शिरते. एका बाजूचं अंतर सुमारे ६ किलोमीटर. बेत आखताना पहिला प्रश्न डब्यात काय घ्यायचं हा नाही, महिना कोणता हा आहे; आणि माझं मत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बाजूचं. कारण वाटेत ओढे ओलांडावे लागतात. खाली ऊन असतं, पण घाटमाथ्यावर सर कोसळली की सह्याद्रीच्या कातळात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून धावत सुटतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेला लागू शकतो. पाणी एकाएकी गढूळलं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की समजावं आणि थांबावं.

कुणी म्हणेल, जुलैतला धबधबा तोच खरा! रूप मोठं, कबूल. पण धुक्यात ते दिसेलच असं नाही, शिवाय पावसाळ्यात प्रशासन तिथे अनेकदा बंदी घालतं. दसऱ्यानंतर कुंडाचं पाणी निवळतं. निवळलेलं म्हणजे उथळ नव्हे, काठचे दगड तेव्हाही शेवाळलेलेच असतात. गावातला वाटाड्या सोबत घ्यावा, आणि कुंड गाठलं नसलं तरी दुपारी एकला माघारी वळावं. दाट रानात संध्याकाळ लवकर होते.