पाऊस कोणत्या पक्षाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत हवामान बदलावरचा एक साधा ठराव पुढे आला आणि आपल्यातच जुंपली. ठरावात काय लिहिले आहे ते कोणी ऐकले नाही, कोणी मांडला तेवढे पाहिले. मांडणारा एका पक्षाचा, म्हणून अर्धा मंडप विरोधात. विरोध करणारे दुसऱ्या पक्षाचे, म्हणून उरलेला अर्धा बाजूने. त्याच खरिपात दोन्हीकडच्यांनी दुबार पेरणी केली होती, दोघांचेही बियाणे सारखेच मातीत गेले होते. ठराव बारगळला. तेव्हाच आम्ही ठरवले, की हा रोग जिथे पुरता मुरला आहे त्या देशाची हकीकत आज सांगायची.

तो देश अमेरिका. अमेरिका म्हटले की आपल्याला उंच इमारती दिसतात. पण टेक्सास राज्याच्या पश्चिमेला लबक नावाचे शहर आहे, त्याच्या भोवती मैलोन्‌मैल कापूस आणि ज्वारी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत, म्हणजे आपल्याहून कमी. तिथल्या ज्वारीला मिलो म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो खाल्लेली माणसे या मंडपात आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. तिथला शेतकरी हजार-दोन हजार एकर करतो, यंत्राने करतो, हे खरे. पण आभाळाकडे बघण्याची रीत तीच.

ऑक्टोबर २०१० ते सप्टेंबर २०११ हे टेक्सासच्या नोंदीतले सर्वांत कोरडे बारा महिने. पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्रावर वेचणीच झाली नाही. त्या एप्रिलमध्ये तिथले राज्यप्रमुख रिक पेरी यांनी पावसासाठी तीन दिवस प्रार्थना करण्याचे जाहीर आवाहन केले. हसू नका, आपणही कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी काढतोच. गंमत पुढे आहे. हेच पेरी त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे राहिले आणि माणसामुळे हवामान बदलते हे काही सिद्ध झालेले नाही, असे सांगत फिरले. २०२२ साली पुन्हा तेच. दहा एकर पेरले तर सात एकर सोडून द्यावे लागले. तरी त्या भागातली मते त्याच पक्षाला पडत राहिली.

हे आधीपासून असे नव्हते. १९८८ च्या जूनमध्ये, भर दुष्काळात, जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने तिथल्या संसदेपुढे सांगितले, की कोळसा आणि तेल जाळून जो वायू हवेत साठतो त्याने पृथ्वी तापू लागली आहे. त्या वर्षी निवडून आलेले थोरले बुश रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी हे खोटे म्हटले नाही, उलट १९९२ साली रिओच्या करारावर सही केली. गॅलप ही संस्था लोकांची मते तपासते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिने विचारले, तापमानवाढीचे परिणाम सुरू झाले आहेत का? दोन्ही पक्षांत निम्म्याच्या जरा खाली लोक हो म्हणाले. फरक जवळपास नाहीच. दहा वर्षांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे चारांतले तीन हो म्हणाले, रिपब्लिकन पक्षाचे दहांतले चारच. २०२२ मध्ये प्यू या दुसऱ्या संस्थेला हवामान बदल हा मोठा धोका वाटणारे एकीकडे शंभरात ७८ मिळाले आणि दुसरीकडे २३. ऊन दोघांना सारखेच लागत होते!

कोणी म्हणेल, अडाणी असतील. तसे नाही. तिथे शिक्षण वाढले की ही दरी रुंदावते. डेमोक्रॅटिक पक्षाचा शिकलेला माणूस अधिक काळजी करतो, रिपब्लिकन पक्षाचा शिकलेला अधिक शंका काढतो. शिकलेल्याला आपल्या पुढाऱ्याची बाजू घ्यायला जास्त मुद्दे सापडतात, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकी विद्वानांचा अनुभव आपल्याला नवा नाही.

मग दहा वर्षांत झाले काय? हवामानाचा हिशोब खर्चावर आला. जुलै १९९७ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे ठराव आला, की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही करार मानणार नाही. विकसनशील म्हणजे चीन आणि आपण. ठराव ९५ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, दोन्ही पक्षांचे हात एकत्र वर. तिथला माणूस आपल्या सुमारे सातपट कर्बवायू हवेत सोडतो, ही गोष्ट वेगळी. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा पक्ष आडवा आला नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

पुढे २००९ मध्ये कर्बवायूवर मर्यादा घालण्याचा कायदा खालच्या सभागृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी निघाला आणि सिनेटमध्ये अडकून मेला. शेतकऱ्यांची मोठी संघटना, फार्म ब्युरो, या कायद्याच्या विरोधात उतरली. कारण सरळ होते. डिझेल महागेल, खत महागेल, आणि शेतकरी तो खर्च मालाच्या भावात वसूल करू शकत नाही. या मुद्द्यात आम्हाला काही चूक दिसत नाही. चूक पुढची. खर्च आम्ही का सोसायचा, असे विचारण्याऐवजी हवामान बदलतच नाही, असे म्हणणे सोपे पडले. भांडण पैशाचे होते, ते श्रद्धेचे झाले. श्रद्धेच्या भांडणात तेलवाल्यांचा फायदा, शेतकऱ्याच्या हाती भोपळा. २०१५ च्या फेब्रुवारीत ओक्लाहोमाच्या एका सिनेटरने बर्फाचा गोळा सभागृहात आणून फेकला, बघा बाहेर किती थंडी आहे म्हणून. धुळीच्या वादळांनी १९३०च्या दशकात ज्या राज्याची शेते उडवून नेली, त्याचा हा प्रतिनिधी.

पण शेतकऱ्याला एकट्याला गाठून विचारले तर उत्तर वेगळे येते. आयोवा राज्यात २०११ साली शेतकऱ्यांना विचारले, तेव्हा शंभरातले ६८ म्हणाले, हवामान बदलते आहे. मुख्यतः माणसामुळे, असे म्हणणारे मात्र १०च. म्हणजे डोळ्यांनी दिसते ते कबूल, ज्यातून बिल येईल ते नाकबूल. आणि जिथे बिलाऐवजी भाडे येते तिथे? पश्चिम टेक्सासात रॉस्को गावाच्या परिसरात कापसाच्या रानात शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. जमीनमालकाला त्यांचे पैसे मिळतात. कोणी त्याला पक्ष विचारला नाही.

आणखी एक फरक. तिथे पीक गेले तर विमा आहे आणि त्याच्या हप्त्याचा निम्म्याहून अधिक भाग सरकार भरते. विमा हातात असलेल्या माणसाला हवामानावर वाद घालायची चैन परवडते. आपली तेवढी ऐपत नाही.

आपल्याकडे हवामान बदल खोटा आहे असे कोणताही मोठा पक्ष म्हणत नाही. आपला खेळ निराळा. सत्तेत असले की पैसेवारी पन्नासच्या वर, विरोधात गेले की पन्नासच्या खाली. कालचा विरोधक बांधावर उभा राहून ओला दुष्काळ जाहीर करा म्हणतो, आज मंत्री झाला की अहवाल मागवतो. आणि आपण आपापला झेंडा बघून टाळ्या वाजवतो. अतिवृष्टीचा निकष चोवीस तासांत ६५ मिलिमीटरचा, तोही महसूल मंडळातल्या यंत्रावर. आपल्या शिवारात ढग फुटला आणि यंत्राच्या गावात ऊन असले, तर कागदावर काही झालेच नाही. त्या यंत्राला पक्ष नाही, पण ते आपल्या गावात नाही.

म्हणून ठराव आज पुन्हा घेत आहोत. कलमे तीनच. गावागणिक पर्जन्यमापक आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. पेरणी, दुबार पेरणी आणि पहिल्या वेचणीची तारीख प्रत्येक शाखेने वहीत लिहून बैठकीला आणणे. आणि हवामानाच्या नावाखाली डिझेल किंवा खतावर बोजा आला, तर तो कोरडवाहू शेतकऱ्याला भरून मिळेपर्यंत विरोध. ठराव चिटणीस वाचतील. मांडणाऱ्याचे नाव ते सांगणार नाहीत, आम्हीच तसे सांगितले आहे. ज्याची हरकत असेल त्याने कलमाचा आकडा सांगून उभे राहावे.