गावाबाहेर, गावात आणि ॲपमध्ये

पनवेलहून बोलतेय. हेडफोन लावलेत ना? चला तर मग.

पनवेलपासून थोडं आत गेलं की नेरे लागतं. तिथे शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. ज्यांना घरच्यांनीच दार बंद केलं, अशा कुष्ठरुग्णांना तिथे आसरा मिळाला. फार मोठं काम आहे ते. पण मला नेहमी वाटतं, अशी वस्ती वेगळी, गावाबाहेर का वसवावी लागते? कारण गाव त्यांना आत घ्यायला तयार नसतं.

आणि कायदा? तोही तसाच होता. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला, तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता यायचा. औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो, तरी ही तरतूद २०१९ पर्यंत टिकली. २०१९!

मधल्या काळात बदललं बरंच. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला. २०१६ मध्ये नवा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. दयेची भाषा जाऊन हक्काची भाषा आली.

आता तुमच्या हातातला फोन बघा. खातं उघडायचं, तर केवायसी. कॅमेरा सांगतो, 'डोळे मिचकावा.' ॲसिडहल्ल्यात ज्यांचे डोळेच जळाले, त्यांनी काय करायचं? प्रज्ञा प्रसून हाच प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेल्या. अमर जैन हे अंध वकीलही गेले. ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी सगळ्यांना जमेल अशी करा, म्हणून २० निर्देशही दिले.

म्हणजे वेस गेली नाही, मंडळी. ती गावाची होती, आता ॲपची झाली.

मग आपण काय करायचं? लोकलचा दिव्यांग डबा रिकामा दिसला तरी त्यात चढायचं नाही. फोटो टाकताना दोन ओळींत त्याचं वर्णन लिहायचं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. आणि तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, तर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःचंच ॲप वापरून बघा. अडलात, तर आपण कुणाला गावाबाहेर ठेवलंय, ते लगेच कळेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!