तिसऱ्या रांगेत कोण बसणार?
(रेडिओवरील भाषण)

सात माणसांची गाडी घेतली, की घरात सात माणसं नसली तरी बिघडत नाही. ती आपोआप जमतात. "तुमची गाडी मोठी आहे ना, मग आत्यालाही घेऊ या," असं कोणीतरी म्हणतं आणि जेजुरीला निघालेले चौघे बघता बघता सात होतात. अशा गाडीबरोबर संसार कसा करायचा, याबद्दल आज थोडं बोलणार आहे. मुख्यतः बोलायचं आहे ते तिच्या शेवटच्या रांगेबद्दल. दोन जादा माणसं बसावीत म्हणूनच तर आपण जादा पैसे मोजतो आणि घरी आणल्यावर सर्वांत कमी विचार त्याच दोन जागांचा करतो.

महाराष्ट्राला भरलेली गाडी नवी नाही. सातारा-कोल्हापूरकडचं वडाप, म्हणजे खच्चून भरलेली प्रवासी जीप, ज्यांनी पाहिलंय, त्यांना गाडीत किती माणसं मावतात याचा हिशेब कोणी शिकवायला नको. 1994 साली टाटा सुमो आली. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून कितीतरी वऱ्हाडं लग्नाला पोचली. 2000 साली क्वालिस आली, 2002 साली नाशिकला तयार होणारी स्कॉर्पिओ, 2005 साली इनोव्हा. नंतर चाकण-पिंपरीहून निघालेल्या एक्सयूव्ही 700 आणि सफारी यांच्यात मागची माणसंही पुढे तोंड करून बसतात, त्यांनाही पट्टा असतो, एसीचा झोत असतो.

पण जागा शेवटी जागाच. ही रांग मागच्या चाकांच्या जवळपास वर येते. खाली चाकांचा आणि सस्पेन्शनचा पसारा असल्यामुळे तिथली फरशी उंच आणि बैठक बुटकी. म्हणून मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात आणि खड्ड्याचा दणका मधल्या रांगेपेक्षा मागे जास्त बसतो. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत वळणं सुरू झाली की दुसरा त्रास. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण वळतोय. डोळ्यांसमोर मात्र हलत नसलेली सीटची पाठ असते. या दोन्हींचा मेळ बसत नाही आणि माणसाला गाडी लागते. त्यात हातात मोबाइल असेल तर मग विचारायलाच नको.

आता आपल्या घरांत तिथं बसतं कोण? पुढे आजोबा किंवा मामा, मानाचे म्हणून. मधे वडीलधाऱ्या बायका. आणि मागे मुलं, नवी सून, नाहीतर "तू बारीक आहेस, जा मागे" असं ज्याला हक्कानं सांगता येतं तो. म्हणजे घरात ज्याचं फारसं ऐकलं जात नाही, तो तिसऱ्या रांगेत. बसण्याची ही वाटणी मानपानानं होते. ती शरीराकडे बघून व्हायला हवी.

ज्याला गाडी लागते त्यानं पुढे बसावं, मग तो दहावीतला भाचा का असेना. समोरचा रस्ता दिसला की निम्मा त्रास कमी होतो. गुडघेदुखी असलेल्यांनी मधे बसावं. ठेंगण्या बांध्याच्या, कशानंही न मळमळणाऱ्या माणसांनी मागे जावं आणि चहाला थांबलं की जागा बदलाव्यात. लहान बाळाचं खास आसन मधल्या रांगेत उजवीकडे बांधावं. कारण मागे जायची वाट बहुतेक गाड्यांत डावं आसन दुमडून होते. तिथंच बाळाचं आसन बांधलं, तर मागच्यांची बाहेर पडायची वाट बंद.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र वाटाघाट नको. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागचे पट्टे शोधून काढले; पुन्हा ते सीटच्या फटीत गेले. मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचं आसन नसेल, तर 1000 रुपये दंड आहे. सात जणांवर आठवं म्हणून मांडीवर घेतलेलं मूल या हिशेबात कुठंच बसत नाही.

मग सामान. तिसरी रांग उभी केली की डिकीत दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते. गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी म्हणून टपावर कॅरिअर लावतो. टपावर वजन चढलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती जास्त कलते. जड वस्तू खाली, मधल्या रांगेच्या पायांशी ठेवाव्यात. टपावर फक्त हलकं.

वजनाचा अंदाज आपल्याला नसतो. सरासरी 65 किलोची सात माणसं म्हणजे 455 किलो, सामान वेगळंच. गाडीचं स्वतःचं वजन मिळवलं तर दोन टनांच्या वर जातं. टायरमध्ये हवा किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं आणि भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा असतो. एरवी दोघांना घेऊन फिरणारी गाडी त्याच हवेवर महाबळेश्वरला नेऊ नये. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ते तापतात आणि नको तिथं दगा देतात.

यात्रा संपली की हीच गाडी सोसायटीत लावायची असते. मुंबईच्या विकास नियमांत छोट्या मोटारीची जागा 2.3 मीटर रुंद आणि 4.5 मीटर लांब धरली आहे. एक्सयूव्ही 700 ची लांबी जवळपास 4.7 मीटर. तेव्हा फ्लॅट घेताना पार्किंगवर टेप लावून बघितलेली बरी, नाहीतर शेजाऱ्याशी रोजची गाठ आहेच.

आणि गाडीमालकांना एक विनंती. पुढच्या प्रवासात किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि पनवेल ते महाड स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. पुढची गाडी सात जणांची घ्यायची की पाच जणांची घेऊन वर्षातून एखाद-दोनदा भाड्यानं मोठी मागवायची, हे महाडला उतरल्यावर ठरवा.