ताराबाईंची वाट : अमरावती ते कोसबाड



घरचा मुलगा तारापूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून दुकान काढतो, दुकान मोडून पुन्हा दुसरीकडे चाकरी धरतो, की वडीलधारी माणसे कपाळाला हात लावतात. काळजी खोटी नसते, पोटाचा प्रश्न असतो. परंतु आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ज्यांनी उतारवयात काम उभे केले, त्या ताराबाई मोडकांचे चरित्र अशा घरांनी अवश्य पाहावे.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा. 1914 साली त्या पदवीधर झाल्या. वकील पतीबरोबर अमरावतीस संसार मांडला, तो टिकला नाही. पुढे राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. जागा मानाची. तीही सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. प्राचार्यपद टाकून लहान पोरांच्या खेळात! शहाण्यासुरत्या माणसांना त्या वेळी काय वाटले असेल? पण बालशिक्षणाची गोडी लागली ती तेथेच, आणि कायमची. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, शिक्षणपत्रिका चालली. पुढे दादरला शिशुविहार झाला.

येथेच थांबल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. पण हे शिक्षण शहरातल्या ऐपतदारांच्या मुलांपुरतेच राहते, हे त्यांना खटकत होते. म्हणून 1945 साली, वयाच्या 53व्या वर्षी, त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली. पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 साली काम कोसबाडला गेले.

तेथे वारल्यांची मुले शाळेत येईनात. कशी येणार? गुरे राखायची असत, धाकटे भावंड कडेवर असे. तेव्हा शाळाच उठून मुलांकडे गेली. पाड्यावर कोणाच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे चरतात तेथे भरली ती कुरणशाळा. महागड्या विलायती साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने आली. राजकोटला शिक्षिका घडविण्याचा अनुभव, भावनगरला जाणलेले बालमन, पत्रिकेमुळे मुरलेली लेखणी, सारे या टेकडीवर उपयोगी पडले. अर्थात कंटाळा आला म्हणून त्यांनी काहीच सोडले नव्हते. प्रत्येक वेळी मुलाच्या आणखी जवळ जाणारी वाट त्यांनी धरली, हा फरक ध्यानात घ्यावा.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळाले, 1973 साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज गावोगावची लेकरे त्याच नावाच्या दारातून आत जातात. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले, 1992 साली डोळे मिटेपर्यंत.