आपला गारवा आणि पलीकडची झळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले तेव्हा ‘ऊर्जा आणि पर्यावरण’ असा भारदस्त विषय दिला. मी तीस वर्षे मुलींना विज्ञान शिकविले, त्यामुळे या विषयावर तासभर बोलणे मला अवघड नाही. परंतु आज खडू-फळा घरी ठेवून आले आहे. आज मी माझ्याच घरातली एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगताना मला थोडा संकोचही वाटतो आहे.

आपल्या नागपूरचा मे महिना मी आपणांस काय सांगावा! पूर्वी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आपण दुपार काढीत असू. मग कूलर आले. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या प्रकृतीला उन्हाळा सोसेना, म्हणून आम्ही एअर कंडिशनर बसविला. यंत्राचा बाहेरचा डबा कोठे लावायचा, असे कारागिराने विचारले. मी म्हटले, ‘मागच्या अंगणात लावा, दर्शनी भागात बरा दिसणार नाही.’

त्या अंगणात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दुपारी भांडी घासतात. थोड्याच दिवसांत त्या दुपारऐवजी पहाटे साडेपाचला येऊ लागल्या. माझी झोप मोडू लागली, तेव्हा एक दिवस मी त्यांना जरा रागानेच विचारले. त्या म्हणाल्या, ‘बाई, दुपारी तुमच्या डब्यातून गरम हवा येते जी. भांडे घासता घासता चक्कर येते. घरी टिन तापते, इथं हा डबा तापते. मंग म्हटलं, ऊन निघायच्या आधीच येऊन जावं.’

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. उष्णता नाहीशी होत नाही, ती केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, हे मी किती मुलींकडून घोकून घेतले असेल! हे यंत्र गारवा तयार करीतच नाही. ते खोलीतली उष्णता उचलते, त्यात स्वतःच्या चालण्याची भर घालते आणि सगळी बाहेर टाकते. आमचा गारवा मावशींच्या अंगावर झळ होऊन पडत होता, आणि विज्ञानाच्या शिक्षिकेला तो दिसला नव्हता.

तेव्हापासून मला आणखी एक डबा दिसू लागला आहे. नवरात्रात आपण कोराडीच्या देवीला जातो तेव्हा वाटेत वीजकेंद्राची उंच धुराडी दिसतात. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही सारी कोळशावर चालणारी केंद्रे, आणि देशातील बहुतेक वीज आजही कोळशाचीच. अशा विजेच्या एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. आमचे यंत्र रात्रीचे आठ तास चालले तर आठेक युनिटे लागतात, म्हणजे एका रात्रीच्या झोपेसाठी सहा किलो कोळसा. तेवढा कोळसा रोज उशाशी आणून जाळायचा असता, तर आपण दहादा विचार केला असता!

धुराड्यातला काळा धूर आणि राख तरी दिसते. न दिसणारा धूर असतो तो कार्बन डायऑक्साइडचा. याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरातही मांडता येतो. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळून संपला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चौदाचे बेचाळीस कसे? जळताना हवेतला प्राणवायू त्याला येऊन मिळतो आणि वजन वाढते. सिलिंडर रिकामा झाला असे आपण म्हणतो, पण तो आकाशात तिप्पट होऊन बसलेला असतो.

हा वायू उष्णता धरून ठेवतो, हे ओळखणारी पहिली व्यक्ती एक स्त्री होती, हे आपल्या मंडळात आवर्जून सांगितले पाहिजे. तिचे नाव युनिस फूट. या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि नळकांडी उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले, आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही त्याला फार वेळ लागला. या वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वी अधिक तापेल, असे त्यांनी त्याच वेळी लिहून ठेवले. १८५६ साली विद्वानांच्या सभेत त्यांचा निबंध वाचला गेला, तोही एका पुरुषाने. पुढे १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी अधिक बारकाईचे प्रयोग केले आणि सारे श्रेय त्यांच्याकडे गेले. फूटबाईंचे नाव दीडशे वर्षे बहुतेकांच्या विस्मरणात होते.

त्यांचे भाकीत मात्र खरे ठरले. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवर १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ भरले. आज ते ४२० च्या वर आहेत. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

कोणी म्हणेल, मग जुने दिवसच बरे होते. असे म्हणणाऱ्यांनी माझ्या आईचे डोळे पाहिलेले नाहीत. चुलीत फुंकणीने फुंकर घालून ते कायमचे लाल झाले होते. गॅसने आणि विजेने बायकांचे जे कष्ट वाचविले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. ज्यांच्या घरी अजून हे पोहोचले नाही त्यांना ते मिळालेच पाहिजे. काटकसर करायची ती आपण, मावशींनी नव्हे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर अमेरिकेत सुमारे चौदा टन. पण परदेशाकडे बोट दाखविताना आपल्या गल्लीतही तोच पंक्तिप्रपंच आहे, हे विसरू नये. ज्याने सर्वांत कमी जाळले, त्याच्याच डोक्यावर टिन आहे.

आमचा डबा मी गच्चीवर हलविला. यंत्र २६ अंशांवर ठेवून पंखा लावते. एक अंश वाढविला तरी सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि झोपही छान लागते. डाळ-तांदूळ भिजवून कुकर लावणे, दिवे-पंखे बंद करणे हे आपण जाणताच. एवढ्याने कोराडीची धुराडी थांबणार नाहीत, याची मला कल्पना आहे. म्हणून मंडळाच्या सभागृहाच्या छतावर सौर वीज बसविण्याचा विचार कार्यकारिणीने करावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती आपणां सर्वांना. अहमदाबादेत २०१७ साली वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम सुरू झाला. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि आतली खोली निवते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी तो पैसा एकत्र करू या, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांची टिनाची छपरे उन्हाळ्यापूर्वी रंगवून देऊ या. पहिली वर्गणी मी आजच चिटणीसांकडे देत आहे.

मावशी आता पुन्हा दुपारी येतात. माझा डबा हलवायला मला गच्ची होती. आकाशात आपण जो डबा भरीत आहोत, तो हलवायला मात्र दुसरी जागा नाही.