विकरांची वंशावळ आणि पाण्याची पारख



दुधातील दुग्धशर्करा ही ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करांची जोडी होय. माणसाच्या आतड्यात वास करणारा एशेरिकिया कोलाय हा जीवाणू ही जोडी फोडून तिच्यावर निर्वाह करू शकतो. हे काम करणाऱ्या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे, नाव बीटा-गॅलॅक्टोसायडेज. जनुकांचे कार्य गरजेनुसार कसे सुरू वा बंद होते, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये याच विकराच्या अभ्यासातून मांडले.

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. तिच्यातील मण्यांचा क्रम जनुकात नोंदलेला असतो. तीन अक्षरांमागे एक मणी. १९७८ मध्ये फौलर आणि झाबिन यांनी प्रत्यक्ष विकराचे तुकडे करून ही माळ १,०२१ मण्यांची ठरविली. १९८३ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे त्याचे जनुक वाचण्यात आले, तेव्हा मणी १,०२३ भरले.

असा क्रम हाती आला की नातेसंबंध उलगडू लागतात. १९७० च्या दशकात हे जनुक गमावलेल्या जीवाणूंना दुग्धशर्करेवर वाढविण्याचे प्रयोग झाले. काही जीवाणू तगले. त्यांच्याजवळ तशाच प्रकारचे, परंतु दुग्धशर्करेच्या बाबतीत अतिशय मंद असे दुसरे विकर होते. त्याच्या माळेत दोन ठरावीक जागांपैकी एका जागी एकच मणी बदलला आणि त्याच्या जनुकावरील नियंत्रण सुटले की जीवाणूला जगण्यापुरते बळ मिळे. १९८५ मध्ये दोन्ही क्रम ताडून पाहता सुमारे एकतृतीयांश मणी जुळले. दोन्ही विकरे एकाच पूर्वजाची संतती आहेत, याचा हा पुरावा होय.

काम सारखे म्हणून कूळ एक, असे मात्र नव्हे. माणसाच्या लहान आतड्यातील लॅक्टेज हेच काम करते. तथापि क्रमानुसार त्याचे कूळ निराळे आहे. उलट, ग्लुक्युरोनाइड नावाची वेगळी संयुगे फोडणारे बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे जीवाणूतील आणि मानवातीलही विकर बीटा-गॅलॅक्टोसायडेजच्याच कुळातील आहे.

या दोन भाऊबंदांचा उपयोग पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत होतो. पाण्याच्या नमुन्यात विशिष्ट रसायन घालून तो उबवला असता बीटा-गॅलॅक्टोसायडेजच्या क्रियेने पिवळा रंग येतो. त्यावरून कोलिफॉर्म गटातील जीवाणू ओळखता येतात. परंतु या गटातील कित्येक जीवाणू माती व वनस्पतींवरही आढळतात. म्हणून पिवळा रंग हा पाण्यात मलमूत्र मिसळल्याचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी दुसऱ्या विकराची साक्ष घ्यावी लागते. बहुतेक एशेरिकिया कोलाय जीवाणूंत ग्लुक्युरोनिडेज असते आणि अतिनील प्रकाशात त्या नमुन्यातून निळी प्रभा दिसते. मात्र याच जीवाणूच्या काही घातक जातींत, उदाहरणार्थ ओ-१५७ मध्ये, सामान्यतः हे विकर कार्यरत नसते. म्हणजे निळी प्रभा दिसली नाही, एवढ्यावरून पाणी निर्धोक मानता येत नाही.

विकराच्या नावावरून त्याचे काम कळते, क्रमावरून कूळ कळते; आणि चाचणीचा रंग कशाची ग्वाही देतो व कशाची देत नाही, हे ठरविण्यासाठी ते विकर कोणकोणत्या जीवाणूंजवळ आहे, हेही जाणावे लागते. प्रयोगशाळेतील हे सूक्ष्म ज्ञान अखेर घराघरांतील पाण्याच्या घागरीपर्यंत पोहोचते, यातच त्याचे सार्थक आहे.